मातेची जनुके, गर्भाचा परिसर : फिनाइलकीटोन्यूरियाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
चेताविकासात्मक विकारांची चर्चा करताना ‘आनुवंशिकता की परिस्थिती?’ असा प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. तथापि, ही दोन्ही कारणे नेहमीच परस्परांपासून विलग करता येत नाहीत. फिनाइलकीटोन्यूरिया (यापुढे ‘पीकेयू’) हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याच्या आधारे जनुके व गर्भावस्थेतील परिसर यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप :
इ. स. १९३४ मध्ये नॉर्वेतील वैद्य फोलिंग यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. १२ व्या गुणसूत्रावरील एका विशिष्ट जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास आहारातील प्रथिनांमधून मिळणाऱ्या फिनाइलअ‍ॅलानीन या अमिनो आम्लाचे टायरोसीनमध्ये रूपांतर करणारे विकर पुरेसे कार्य करीत नाही. रक्तात साचलेले हे आम्ल वाढत्या मेंदूस इजा करते व उपचाराअभावी तीव्र बौद्धिक अक्षमता उद्भवते. असे बालक जन्मतः मात्र बहुधा निरोगी दिसते. कारण गर्भात असताना मातेचा चयापचय त्याचे रक्षण करीत असतो. १९५० च्या दशकात बिकेल यांनी फिनाइलअ‍ॅलानीन मर्यादित ठेवणारा आहार यशस्वीपणे वापरला, तर १९६० च्या दशकात गथ्री यांच्या रक्तचाचणीमुळे नवजात अर्भकांतच निदान शक्य झाले.

दुसऱ्या पिढीतील प्रश्न :
उपचारामुळे सामान्य जीवन जगणाऱ्या मुली पुढे माता झाल्या. बालपणानंतर पथ्य सोडण्याची तेव्हा प्रथा होती. पित्याकडून निर्दोष प्रत मिळाल्यास अपत्य केवळ वाहक असते. त्याला पीकेयू होत नाही. तरीही वारेतून हे आम्ल गर्भाकडे वाहून नेले जाते आणि गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेपेक्षाही अधिक राहते. लेन्के व लेव्ही यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅम वा अधिक असलेल्या मातांच्या अपत्यांपैकी ९२ टक्के अपत्यांत बौद्धिक अक्षमता व ७३ टक्क्यांत डोक्याचा अपुरा विकास आढळला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या बहुकेंद्री अभ्यासाने मात्र गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या आठ-दहा आठवड्यांत प्रमाण नियंत्रित केल्यास अपत्याचा विकास बहुधा सुरळीत होतो, हे दाखवून दिले.

निष्कर्ष :
एकाच जनुकदोषाचे दोन भिन्न परिणाम येथे दिसतात. निरोगी चयापचयाच्या मातेच्या उदरात सदोष जनुकांचा गर्भ सुरक्षित राहतो. उलटपक्षी, अनियंत्रित पीकेयू असलेल्या मातेच्या उदरात त्या विकारापासून मुक्त असलेल्या गर्भासही इजा पोहोचते. म्हणजेच मातेचे जनुक हे अपत्याच्या दृष्टीने परिसर ठरते. हा परिसर आहाराने बदलता येतो. म्हणून आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समज त्याज्य ठरतो. मात्र त्याचा भार एकट्या मातेवर टाकणे न्याय्य नव्हे. वेळीच निदान, आजीवन पथ्याची सोय आणि गर्भधारणेपूर्वी सल्ला उपलब्ध करून देणे, हे समाजाचेही उत्तरदायित्व आहे.