किलोवॉट आणि किरणाची धार
यवतमाळ जिल्ह्यात धातूकामाची दोन टोकं आहेत. जिनिंग-प्रेसिंगचे डक्ट, हॉपर, जाळ्या हे पातळ पत्र्याचं काम. वणी तालुक्यातल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणींत झिजणारे च्यूट आणि डंपरचे लाइनर म्हणजे जाड, कडक प्लेट. फायबर लेसरची जाहिरात दोघांपुढे एकच आकडा नाचवते, किलोवॉट. माझ्या मते घेणाऱ्याने किरणाची धार, म्हणजे तो किती बारीक ठिपक्यात एकवटतो, हे आधी विचारावं.

हा किरण यटर्बियम मिसळलेल्या, केसाहून बारीक काचेच्या गाभ्यात तयार होतो. डायोडचा पसरट प्रकाश तेवढ्या गाभ्यात थेट मावत नाही. म्हणून १९८८ मध्ये एलायस स्निट्झर आणि सहकाऱ्यांनी तो भोवतीच्या रुंद थरात सोडायची रीत मांडली. पुढे जाता जाता गाभा तो शोषत राहतो. शक्ती वाढवायचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, पण अडचणीही तिथूनच सुरू झाल्या. ९७६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेऊन १०७० चा देताना शंभरातले सुमारे नऊ भाग उष्णता होऊन काचेतच उरतात. गाभा बारीक ठेवला तर रमन विकिरण ऊर्जा भलत्याच तरंगलांबीकडे वळवतं. रुंद केला तर त्याच उष्णतेने किरण डळमळतो. आयपीजी या लेसर कंपनीने २००९ मध्ये एकाच फायबरमधून १० किलोवॉटचा अतिशय शुद्ध किरण काढला तो दुसऱ्या फायबर लेसरांचा १०१८ नॅनोमीटरचा प्रकाश पुरवून, म्हणजे उष्णता जवळपास निम्म्यावर आणून. कारखान्यातली मोठी यंत्रं सहसा हा खटाटोप करत नाहीत. ती अनेक मॉड्यूलचे किरण एका जाड फायबरमध्ये गोळा करतात. त्यात शक्तीची बेरीज होते, धार मात्र वाढत नाही.

जास्त किलोवॉट म्हणजे जास्त माल, हा आक्षेप नायट्रोजन किंवा दाबाच्या हवेने जाड प्लेट कापताना खराच आहे. पण ऑक्सिजनने साधं पोलाद कापताना वेग बराचसा लोखंडाच्या जळण्यावर ठरतो, आणि जाळीच्या बारीक कोपऱ्यांवर कापणाऱ्या हेडला मंदावावंच लागतं. तिथे जादा शक्तीला काम उरत नाही, तिची किंमत मात्र मोजलेली असते. जाड प्लेटला प्लाझ्मा कटर स्वस्त पडतो, हेही मान्य. नुसत्या सरळ कडा हव्या असतील तर तोच घ्यावा. लाइनरला बोल्टची भोकं लागतात तिथे हिशेब बदलतो. प्लाझ्माचं लहान भोक निमुळतं होतं, मग ड्रिलवर पुन्हा मजुरी लागते. म्हणून सौदा करण्याआधी आपलीच प्लेट, आपल्याच गॅसवर, बोल्टच्या भोकांसकट कापून मागावी.