जंगल आधीच हिरवं आहे! एचडीआर वापरताना हात कुठे आखडायचा?

गुंद (ता. जोयडा) : पावसाळा सरला की जोयडा, दांडेली, उळवी भागात पर्यटकांची वर्दळ वाढते आणि मोबाईलवर फोटोंचा पूर येतो. त्यातल्या कित्येक फोटोंत झाडं प्लॅस्टिकची वाटतात आणि आभाळ नीळ कालवल्यासारखं. जागा तीच, पण ओळखू येत नाही.

अडचण मात्र खरी आहे. भर दुपारी पोफळीच्या बागेत उभं राहा. वर शेंड्यांतून दिसणारं आभाळ लख्ख, खाली गच्च अंधार. डोळा दोन्ही सांभाळतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून एक फोटो गडद, एक मध्यम, एक उजळ काढून तिन्ही जुळवायचे, हेच एचडीआर. कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 च्या दशकातच समुद्र आणि आभाळ वेगवेगळ्या निगेटिव्हवरून एका चित्रात आणले होते.

आजचे बरेच फोन हे काम न सांगता करतात. गडबड इथंच होते. आधीच जुळवलेल्या फोटोवर स्नॅपसीडमधला 'एचडीआर स्केप' पुन्हा चढवला, की सावल्या पुसल्या जातात आणि शेंड्यांभोवती पांढरी कड उमटते. सावलीच नाही तर रान दाट दिसणार कसं? वारा असेल तर पानं हलतात आणि जुळवलेल्या फोटोत दुहेरी दिसतात. तेव्हा एकच फोटो काढलेला बरा.

'स्ट्रक्चर', 'टेक्श्चर', 'क्लॅरिटी' ही नावं वेगळी आणि त्यांच्या कामात थोडाफार फरक आहे, पण मूळ गोष्ट एकच : शेजारच्या उजळ-गडद भागांतला फरक वाढवणं. जांभ्याच्या भिंतीला, झाडाच्या सालीला ते शोभतं. आजीच्या चेहऱ्यावर लावलं तर सुरकुत्या छिन्नीनं कोरल्यागत दिसतात, आभाळात रवा सांडतो. धनेशाच्या फोटोत पिसांपुरतंच ब्रशनं लावावं, मागचं धुकं तसंच सोडावं.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. बेळगाव, कोल्हापूर, पणजीचा पाहुणा फोटो बघूनच होमस्टे ठरवतो. मार्चमध्ये येऊन त्याला फोटोतली हिरवळ दिसली नाही, तर बोलणी घरमालकालाच खावी लागतात. बातमीच्या फोटोत तर नियम कडकच. 2015 च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेले सुमारे 20 टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले. काहींत टोनिंग इतकं गडद होतं की चित्रातला मजकूरच काळ्यात बुडाला होता.

साधा उपाय : स्लायडर परिणाम दिसेपर्यंत न्यावा, मग निम्मा मागे आणावा. चहा पिऊन यावं, पुन्हा बघावं. बहुतेक वेळा आणखी थोडा कमीच करावासा वाटतो. व्हॉट्सअॅप फोटो आणखी दाबतं, त्यामुळे वाढवलेला टेक्श्चर तिथं अधिकच खरखरीत दिसतो. मूळ फाईल मात्र पुसू नये. पुढच्या वर्षी तोच फोटो वेगळा करावासा वाटेल.