फिरंगी, पेरू आणि नव्वद दिवस

‘बँकॉकला जाऊन आलो’ असं आपल्याकडे कोणी सांगितलं की ऐकणारा आधी डोळा मिचकावतो आणि मग विचारतो, ‘काय काय पाहिलंस?’ या चावटपणात एक माणूस कायम नजरेआड राहतो. सकाळी दहाच्या सुमारास सुखुमवित रस्त्याच्या एखाद्या गल्लीत तो हमखास भेटतो. अर्धी चड्डी, सँडल, हातात पाण्याची बाटली, वय साठ ते ऐंशीच्या मधलं कुठलंही. पर्यटकाची लगबग त्याच्यात नसते. निवृत्त होऊन तो इथं राहायला आलेला असतो.

थाई लोक त्याला ‘फरांग’ म्हणतात. आपला फिरंगी तो हाच; दोन्ही शब्दांचं मूळ फारसीच्या वाटेनं आलेल्या ‘फ्रँक’ लोकांच्या नावात आहे. गंमत म्हणजे थाईत पेरूलाही फरांगच म्हणतात. त्यामुळे गाडीवरचा पेरू खाणारा गोरा दिसला की ‘फरांग फरांग खातोय’ हा विनोद ठरलेला. कळकट, चिक्कू गोऱ्यासाठी ‘फरांग खी नोक’ अशी खास शिवीही आहे. शब्दशः अर्थ, पक्ष्याच्या शिटेचा पेरू. बारक्या पेरूच्या एका जातीचं ते नाव!

सुखुमवित हा खरा तर महामार्ग. बँकॉकमधून निघतो तो थेट कंबोडियाच्या सीमेकडच्या त्रातपर्यंत जातो. त्याला फुटणाऱ्या गल्ल्या म्हणजे ‘सोई’. उत्तरेला विषम आकडे, दक्षिणेला सम. एवढं कळलं की शहर कळलं असं वाटतं आणि तिथंच फसगत होते, कारण ५५ नंबरच्या सोईसमोर ५४ किंवा ५६ नसतो, ३८ असतो. शिवाय कितीतरी सोई आत जाऊन नुसत्याच संपतात. इथं पूर्वी भातखाचरं आणि कालवे होते. ज्यानं त्यानं आपापल्या पट्ट्यातून रस्ता काढला, तो शेजाऱ्याच्या रस्त्याला जोडायची तसदी कोणी घेतली नाही. त्यामुळे पलीकडच्या सोईत जायलाही पुन्हा हमरस्त्यावर यावं लागतं. घाईतला माणूस वैतागून नारिंगी जाकीटवाल्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसतो. आपल्या म्हाताऱ्याला घाई नसते.

ऊन चढलं की तो सेन सेप कालव्यावर जातो. १८३७ मध्ये खणायला घेतलेल्या या कालव्यातून तेव्हा पूर्वेकडच्या लढाईसाठी फौज आणि रसद जायची. आता कचेरीला जाणाऱ्यांच्या होड्या धावतात. पाणी काळं आणि वासाचं. समोरून होडी आली की कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून ताडपत्री वर करायची, नाहीतर सगळ्यांवर शिंतोडे. नवा प्रवासी यात हटकून चुकतो. जुन्या फरांगची दोरी वेळेवर ओढली जाते.

मग बार. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, १९६७ मध्ये, अमेरिकी सैनिकांनी सुट्टी घालवायला थायलंडमध्ये येण्याचा करार झाला आणि या धंद्यानं बाळसं धरलं. सोई काउबॉय ही जेमतेम दीडशे मीटरची गल्ली. टी. जी. एडवर्ड्स नावाच्या निवृत्त अमेरिकी हवाई सैनिकानं १९७७ मध्ये तिथं बार काढला. तो काउबॉयची टोपी घालायचा, म्हणून गल्लीचं हे नाव. म्हणजे मूळ पुरुषही पेन्शनरच! पलीकडच्या ‘नाना प्लाझा’ या बारच्या संकुलाची पाटी वाचून मराठी माणूस चमकतो, पण ते नाना सुरतेकडून आलेल्या मुस्लिम व्यापारी घराण्यातले, इथले मोठे जमीनदार.

या दिव्यांच्या झगमगाटात काम करणाऱ्या बऱ्याच मुली ईसानच्या, म्हणजे कोरडवाहू भातशेतीच्या ईशान्य थायलंडच्या. (ईसान हा शब्दही ‘ईशान’वरूनच आलेला.) १९९६ च्या कायद्यानं वेश्याव्यवसायाला बंदी आहे आणि तो उघड चालतो. गिऱ्हाइकानं मुलीला पेय पाजलं की त्यातला वाटा तिला मिळतो. हे हिशेब विसरून बँकॉकच्या रात्रीवर भाबडं लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

पण दुपारचा बार वेगळा. पंखा, जुनी गाणी, तेच चार चेहरे. प्रत्येक बिअरची चिठ्ठी समोरच्या पेल्यात खोचली जाते, उठताना हिशेब होतो. त्याला ‘लुंग’, म्हणजे आईवडिलांच्या थोरल्या भावाच्या नात्यानं, काका म्हणून हाक मारणारं कोणीतरी तिथं असतं. लीड्समध्ये किंवा ओहायोत एकटा म्हातारा भरदुपारी तासभर कुठं बसणार? पुण्याच्या पेन्शनरांना बागेतला कट्टा आहे, तसा याचा हा कट्टा. इथं बाकाचं भाडं बिअरच्या रूपानं द्यावं लागतं, इतकंच.

गप्पांचे विषयही कट्ट्यासारखेच: दुखणी, बँक आणि सरकारी कागद. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहायला मुभा मिळते, ती एकेका वर्षाची. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवायचे किंवा महिना ६५,००० बाटचं उत्पन्न दाखवायचं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. नोकरी करायची नाही. जमीन नावावर होत नाही. सदनिका घेता येते, पण इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. वीस वर्षं राहिलेला माणूसही कागदोपत्री पाहुणाच.

त्यातही ब्रिटिश म्हाताऱ्याचं दुखणं निराळं. थायलंडमध्ये राहणाऱ्याचं सरकारी पेन्शन दरवर्षी वाढत नाही, गोठतं. फिलिपिन्समध्ये राहिला असता तर वाढलं असतं. शेजारच्या स्टुलावरच्या अमेरिकनाला महागाईप्रमाणे वाढ मिळते, पण त्याचा मेडिकेअर विमा इथल्या इस्पितळात चालत नाही. कोण जास्त फसला यावर दोघांचा वाद रोज होतो.

अशा बारमध्ये छताला एक घंटा टांगलेली असते. ती वाजवली की बसलेल्या सगळ्यांचा एकेक पेला वाजवणाऱ्याच्या खात्यावर. नवखे हौशी लोक गंमत म्हणून दोरी ओढतात. आपला लुंग त्या घंटेखालीच बसतो, पण मान जरा वाकवून. चुकून डोकं लागायला नको.