तिथीची पाऊणपट आणि दहा हजार बेटे



वर्गात प्रतिपदा, द्वितीया, तृतीया पाठ करताना तुमच्यापैकी पुष्कळांनी विचारले आहे, "हे कशाला शिकायचे? आम्हाला तारखा पुरतात की!" प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आम्हाला देवघरात नव्हे, तर समुद्रावर मिळाले. ते येथे सांगत आहोत.

हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कयाक आणि तंबू घेऊन गेलो होतो. कयाक म्हणजे लांब, अरुंद, वल्ह्याने चालवायची होडी. या भागाला 'टेन थाउजंड आयलंड्स' म्हणतात. बेटे प्रत्यक्षात दहा हजार नाहीत, शेकडो आहेत. त्यांतली पुष्कळशी १९४७ साली सुरू झालेल्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमध्ये येतात. हा भाग कर्कवृत्ताच्या थोडा उत्तरेला असला तरी झाडी उष्ण प्रदेशातली आहे. कोकणातल्या खाडीत वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते, कारण इथला 'रेड मँग्रोव्ह' हा आपल्या कांदळाचा भाऊबंद आणि 'ब्लॅक मँग्रोव्ह' हा तिवराचा. कांदळाची बी झाडावरच रुजते आणि मग लांब शेंगेसारखे रोप पाण्यात पडते, तेही अगदी तसेच.

एव्हरग्लेड्स सिटी या छोट्या गावातून निघायचे, उथळ चोकोलोस्की बे ओलांडायचा, 'इंडियन की पास' नावाच्या वाटेने बाहेर पडायचे आणि पिकनिक की किंवा टायगर की अशा एखाद्या बेटाच्या वाळूवर तंबू ठोकायचा, असा हा प्रवास असतो. रात्री राहण्यासाठी पार्कचा परवाना लागतो. डासांमुळे आणि वादळांमुळे नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ बरा.

पहिला हिशेब: पिण्याचे पाणी

बेटांवर गोडे पाणी मिळत नाही. माणशी रोज एक गॅलन पाणी बरोबर न्यावे, असे पार्कचे सांगणे आहे. चार जणांचे कुटुंब, तीन रात्री आणि चार दिवस, म्हणजे १६ गॅलन झाले. एका गॅलनचे वजन सुमारे ८.३ पौंड, तेव्हा नुसत्या पाण्याचेच ओझे १३० पौंडांच्या वर जाते. शिवाय पाणी जाड, टणक भांड्यांतच न्यावे लागते. बेटांवरच्या रॅकूनांनाही तहान लागते आणि पातळ प्लास्टिक ते दातांनी फाडतात. आमच्या दशम्या आणि चिवडासुद्धा त्यांच्या भीतीने कुलूपबंद डब्यात होता!

दुसरा हिशेब: भरती आणि ओहोटी

ओझ्याने भरलेली कयाक साधारण ताशी तीन मैल जाते. समजा, सहा मैल जायचे आहे आणि पाण्याला ताशी दीड मैलाची ओढ आहे. ओढीबरोबर गेलो तर वेग साडेचार मैल होतो आणि आपण एक तास वीस मिनिटांत पोहोचतो. तीच ओढ समोरून आली तर वेग उरतो दीड मैल आणि लागतात चार तास. होडी तीच, हात तेच, फरक फक्त निघण्याच्या वेळेचा. चार तास उन्हात वल्ही मारणारी मुले ठरल्यापेक्षा जास्त पाणी पितात, म्हणजे पहिला हिशेबही कोलमडतो. ओहोटीच्या तळाला उथळ खाडीत कालवांचे धारदार थर उघडे पडतात आणि होडी चिखलात रुतते, ते वेगळेच. म्हणून तिथला रिवाज असा, की ओहोटीबरोबर बाहेर जावे आणि भरतीबरोबर परतावे.

पण भरती केव्हा, हे ओळखायचे कसे? इथे तिथी मदतीला येते.

कोकणात एक जुना नियम आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी आणि साडेबारा तासांनी पुन्हा भरती. शुक्ल असो वा कृष्ण, प्रत्येक पक्षात मोजणी एकपासून करायची. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे, पण कागदपेन्सिलीशिवाय करता येतो.

नियमामागचे गणित सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे ५० मिनिटे अधिक फिरावे लागते, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. महिन्यात तिथी ३०, दिवसात मिनिटे १,४४०. भागाकार केला तर येतात ४८ मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांचा फरक सोडून देऊन आपल्या पूर्वजांनी तोंडी करता येईल असे सूत्र बनवले.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती येते आणि पाण्याचा चढउतार कमी असतो. प्रवाहाचा जोर कमी हवा असेल तर लहान मुलांसह जायला अष्टमीच्या जवळचे दिवस चांगले.

सूत्र इथे चालते का?

जसेच्या तसे चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास येते, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. प्रत्येक किनाऱ्याची ही वेळ वेगळी असते, कारण समुद्राचा तळ, आकार आणि तोंड वेगळे असते. अरबी समुद्राचे तोंड महासागराकडे मोठे उघडे आहे. तिथे दिवसात दोन भरत्या येतात आणि पावसाळ्यातल्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. मेक्सिकोचे आखात मात्र जवळजवळ बंदिस्त आहे. बेटांपाशी दिवसात दोन भरत्या येतात, पण एक मोठी आणि एक छोटी, चढउतार तीन-चार फुटांचा. आपल्या टेक्ससच्या पोर्ट अॅरॅन्ससला तर बहुतेक दिवशी एकच भरती, तीही जेमतेम एक-दोन फुटांची. तिथे तिथीपेक्षा चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे याला महत्त्व अधिक. आणि जोराचा 'नॉर्दर' वारा सुटला की तो खाडीतले पाणीच बाहेर ढकलतो.

म्हणून इथे आकडे 'नोआ' या सरकारी खात्याच्या तक्त्यातूनच घ्यावेत. ते फुकट मिळतात. पण तक्ता वाचताना रोजचा पाऊण तासाचा उशीर, उधाण आणि भांग हे ठाऊक असले, की छापलेला चुकीचा दिवस किंवा चुकीचे ठिकाण पाहिले तर लगेच लक्षात येते. सूत्र कोकणचे, पण चंद्र पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची रीत कुठेही नेता येते.

जाण्यापूर्वी

ग्रेपवाइन लेकवर सराव करा. तिथे भरती-ओहोटी नाही. मुद्दाम पाण्यात पडून पुन्हा होडीत चढायला शिका. टेक्ससमध्ये छोट्या होडीत १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्यांनीही घालावे. बेटे सगळी सारखी दिसतात, तेव्हा नकाशा आणि होकायंत्र हवेच. फोनवर विसंबू नये. परतण्याची वेळ घरी कुणाला तरी लिहून द्यावी.

मुलांसाठी गृहपाठ

भारतातले पंचांग किंवा कॅलेंडर घ्या, कारण तिथी बदलण्याची वेळ इथली आणि तिथली वेगळी असते. सात दिवसांच्या तिथी लिहा, पाऊणपट करून मुंबईच्या भरतीच्या वेळा काढा आणि छापील तक्त्याशी ताडून पाहा. किती मिनिटांचा फरक पडतो? शेजारी पोर्ट अॅरॅन्ससच्या वेळा लिहा. आजी-आजोबा कोकणातले असतील तर त्यांना फोन करून हा नियम विचारा. त्यांच्या गावचा आकडा कदाचित थोडा निराळा असेल. तोही वहीत टिपून पुढच्या वर्गाला आणा.