टिकली

संपादकांना ॲरिझोनातल्या मराठी माणसांच्या छंदांवर लेख हवा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर वाळवंटात जगवलेली तुळस आणि घरी केलेलं मखर असणार. तेही पाहिलं. पण तीन सकाळी गेल्या त्या फिनिक्सजवळच्या एका गॅरेजमध्ये. तिथे माझ्या आतेभावाचे सासरे जुन्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या पुन्हा भरत बसलेले असतात. सगळे त्यांना काकाच म्हणतात. जन्म खडकीचा, हयात टूलरूममध्ये गेली, आता वय अठ्ठ्याहत्तर. दर शनिवारी रेंजवर जाऊन कागदाच्या लक्ष्यावर पिस्तूल चालवायचं, आठवडाभर त्याची काडतुसं घरी भरायची. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली हा उद्योग परवान्याशिवाय केला तर थेट तुरुंग. तेव्हा वाचून कुणी स्फुरण चढवून घेऊ नये.

यंत्र निळं, डिलन कंपनीचं, 550 जातीचं. कंपनी शेजारच्याच स्कॉट्सडेलची. तिचे संस्थापक माइक डिलन 2016 साली वारले. याला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. म्हणजे काय, ते मला काकूंच्या स्वयंपाकघरात कळलं. पोळपाटावर एक पोळी, तव्यावर दुसरी, आचेवर फुगणारी तिसरी, तसंच हे. गोल तबकडीवर चार जागा. पहिल्या जागी नळीतला जळका प्रायमर बाहेर पडतो, नळी मापात येते आणि नवा प्रायमर बसतो. दुसरीत दारू, तिसरीत गोळी, चौथीत तोंड आवळणं. दर फेरीला एक काडतूस तयार होऊन बाहेर पडतं. तबकडी मात्र हाताने फिरवायची. फिरवायची विसरलात तर एकाच नळीत दोनदा दारू पडते, म्हणून काका काम करताना बोलत नाहीत. रेडिओही बंद.

दारू, गोळी, आवळणं हे मी लगेच समजून घेतलं आणि लगेच कंटाळले. अडकले ती प्रायमरपाशी. काका त्याला टिकली म्हणतात आणि तो शब्द चपखल आहे. लहानपणी टिकल्यांच्या बंदुकीत जी फुटायची, तिचीच ही थोरली बहीण. पिस्तुलाची छोटी टिकली 4.45 मिलिमीटर व्यासाची, मसुराच्या दाण्याएवढी. धातूची इवलीशी वाटी, तिच्या तळाशी लेड स्टिफनेट असलेला मसाला, आणि वर तीन पायांची ऐरण. हो, ऐरणच. फायरिंग पिन बाहेरून वाटीवर आदळते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो, ज्वाळा नळीच्या बुडातल्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते.

ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची कल्पना एका स्कॉटिश पाद्र्याची. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जायचे, म्हणून त्याने डोकं चालवलं आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. पुढे तांब्याच्या टोप्या आल्या, आपल्याकडे टोपीदार बंदूक हा शब्द आला. मग 1866 च्या सुमारास दोन पद्धती निघाल्या. बॉक्सर या इंग्रजाने ऐरण टिकलीत ठेवली, बर्डन या अमेरिकनाने ती नळीच्या बुडातच घडवली. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरच्या नळीला मधोमध एकच भोक, त्यामुळे जुनी टिकली एका सुईने बाहेर ढकलता येते. काकांचा छंद त्या एका भोकावर उभा आहे. आपल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ती रायफल .22 ची. तिच्या काडतुसात मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, तिथे टिकलीही नाही आणि पुन्हा भरणंही नाही.

आता काकांचे हात. खाचा असलेल्या एका तबकात ते शंभर टिकल्या ओततात आणि सुपात धान्य पाखडावं तसं हलकेच हलवतात. उलट्या पडलेल्या खाचांमुळे सुलट होतात. मग एका बारीक नळीचं टोक प्रत्येकीवर टेकवून एकेक उचलायची. ती भरली की टिकल्या यंत्रावरच्या जाड पोलादी कवचातल्या नळीत सोडायच्या. तिथून एक सरकपट्टी दर फेरीला एक टिकली घेऊन काडतुसाच्या नळीच्या बुडाखाली आणते.

दांडा खाली ओढताना सगळी कामं यंत्र करतं. दांडा वर नेऊन शेवटी पुढे ढकलायचा, तेव्हा टिकली बसते, आणि तिथे यंत्र काहीच सांगत नाही. आधी थोडा अडसर, मग लोण्यात सुरी जावी तसा सरळ प्रवास, मग टणक तळ. तो तळ तळहाताला कळला पाहिजे. टिकलीचा माथा नळीच्या बुडापेक्षा तीन ते पाच हजारांश इंच, म्हणजे साधारण एक दशांश मिलिमीटर, खाली हवा. ऐरणीचे पाय तळाला टेकून मसाल्यावर किंचित दाब यायला हवा.

काकांनी मला दांडा दिला. "ढकल. भांडू नकोस त्याच्याशी, पण अर्ध्यातही सोडू नकोस." माझ्या पहिल्या दहातल्या चार नळ्या त्यांनी बुडावरून नख फिरवून परत केल्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग त्यांनी टेबलावरच्या काचेवर एक नळी उभी केली. ती डुगडुगली.

ही डुगडुग साधी नाही. पाय टेकलेले नसतील तर पिनचा पहिला ठोका टिकलीला खाली बसवण्यातच खर्च होतो आणि बार होत नाही. दुसऱ्या ठोक्याला होतो. नेमबाज टिकलीच्या कंपनीला शिव्या देतो, चूक त्याच्याच हाताची असते. त्याहून वाईट म्हणजे वर राहिलेली टिकली. स्वयंचलित बंदुकीचा बोल्ट जोरात पुढे येऊन तिच्यावर आदळला, तर नळी कोठीत पुरती बसण्याआधीच बार होऊ शकतो.

अडचणी विचारल्या आणि काका मोकळे सुटले. लष्करी नळ्यांचा त्यांना मनस्वी राग. टिकली निसटू नये म्हणून कारखान्यात तिच्याभोवती पितळ ठोकून कडा आवळलेली असते. ती कडा आधी काढली नाही तर नवी टिकली तिरपी होते, चेचते. अशा वेळी हात आपोआप जोर लावतो आणि तिथेच घात होतो. अडलं की थांबायचं, नळी काढायची, हा त्यांचा कायदा. कवचातल्या नळीत टिकल्या अडकल्या तर वरून सळईने कधीही ठोसायच्या नाहीत. एक उडाली तर तिच्या धक्क्याने सगळी शंभराची रांग उडू शकते. पोलादी कवच त्यासाठीच असतं. ते स्फोट वरच्या दिशेला वळवतं, म्हणून नळीवर डोकं वाकवून पाहायचं नाही. चष्म्याशिवाय गॅरेजमध्ये पाऊल ठेवायचं नाही. टिकल्या मूळ वेष्टनातच ठेवायच्या. बरणीत ओतून ठेवलेल्या हजार टिकल्या म्हणजे बॉम्बच. तेलात बुडवली की टिकली मरते, या समजावर भरवसा ठेवायचा नाही. 2020 मध्ये दुकानांतून टिकल्या गायब झाल्या तेव्हा लोक मिळेल ते साठवत सुटले होते. काकांनी त्या वर्षी पिस्तूल कपाटात ठेवलं आणि कॅरम काढला.

मसाल्यातल्या शिशाचा त्रास वेगळा. जळक्या टिकल्यांच्या भुकटीतही शिसं असतं. काका दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतात, गॅरेजमध्ये काही खात नाहीत आणि नातवाला दाराच्या आत येऊ देत नाहीत. बंदुकांविषयी माझं मन या तीन दिवसांत बदललं नाही. त्या हातांविषयीचं कौतुकही लपवत नाही.

अकरा वाजता काकूंनी आतून हाक मारली, "चहा झालाय. आधी हात धुवा दोघंही, साबणाने." त्या सकाळी माझ्या हातून शंभर टिकल्या बसल्या. काकांनी एकेका नळीवरून नख फिरवलं, पुन्हा ढकलून सुधारण्यासारख्या सुधारून घेतल्या आणि तीन नळ्या कायमच्या बाजूला काढल्या.