हवेवर चालणारा पाना

पुणे–नाशिक रस्त्यावर मंचरपासून आळेफाट्यापर्यंत गॅरेजांची कमतरता नाही आणि त्यांना कामाचीही कमतरता नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पिकअपची रीघ लागते. मंचरच्या बाजार समितीत कांदा उतरतो. माळशेज घाट चढून ओतूरमार्गे आलेले ट्रक आळेफाट्याला थांबतात, कारण कल्याण–नगर रस्ता तिथेच पुणे–नाशिक रस्त्याला मिळतो. शिवाय द्राक्षबागांचे ट्रॅक्टर आणि ब्लोअर, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या आणि दसऱ्याच्या आधी तयार व्हावे लागणारे नारायणगावच्या तमाशा फडांचे ट्रक. माल नाशवंत आणि वेळ ठरलेली, त्यामुळे इथल्या मिस्त्रीला दुरुस्ती जितकी नीट करावी लागते तितकीच झटपटही करावी लागते.

या घाईतूनच गॅरेजमध्ये हवेची गन, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारा पाना, आली. त्याआधी ट्रकच्या चाकाचा जाम झालेला नट सोडवायचा म्हणजे व्हील पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवायचा आणि त्यावर एकाने, कधी दोघांनी उभं राहून जोर द्यायचा. पाना निसटला की गुडघा फुटायचा, बोटं ठेचायची. त्या काळातले मिस्त्री अजून कामावर आहेत आणि त्यांच्या हातांवरचे व्रण कोणालाही दिसतात.

हवेच्या ताकदीची ओळख मात्र इथल्या माणसाला गॅरेजमध्ये झाली नाही, ती विहिरीवर झाली. ट्रॅक्टरवर बसवलेला कंप्रेसर आणि त्याच्या नळीला जोडलेलं ड्रिल घेऊन काळा पाषाण फोडणाऱ्या टोळ्या या भागातल्या शेतकऱ्याने पाहिलेल्या आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी इथली लेणी ज्या पाषाणात छिन्नी-हातोड्याने कोरली तोच हा पाषाण. पुढे १८५६ ते १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे नेताना याच सह्याद्रीत सुरुंगाची भोकं मजुरांनी हातांनी पाडली. त्याच सुमारास आल्प्समधल्या मों सेनीच्या बोगद्यात जर्मेन सोमेये या अभियंत्याने १८६१पासून दाबाच्या हवेची ड्रिल चालवली. तो बोगदा १८७१मध्ये खुला झाला आणि हवेची अवजारं जगभर पसरली.

यंत्राची रचना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. गनच्या पोटात एक लहानसा सिलिंडर असतो आणि त्यात किंचित एका बाजूला सरकवून बसवलेला रोटर. रोटरच्या खाचांत सरकत्या पट्ट्या असतात, त्यांना व्हेन म्हणतात. हवा आत शिरली की या पट्ट्यांना ढकलते आणि रोटर मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरू लागतो. त्याच्यापुढे हातोड्याची जोडी असते. नट अडला की ती मागे राहून वेग घेते आणि पुढच्या दांड्यावर आदळते, पुन्हा वेग घेते, पुन्हा आदळते. जोर अशा छोट्या छोट्या तडाख्यांत लागतो, म्हणून मिस्त्रीच्या मनगटाला पीळ बसत नाही. विजेची मोटार अडली तर तापते आणि जळू शकते. हवेची मोटार नुसती थांबते, तिचं काही बिघडत नाही. ओल्या फरशीवर तिच्यापासून विजेचा धक्काही बसत नाही. या दोन गुणांमुळे गॅरेजने तिला आपलं मानलं.

मग तक्रार कुठे आहे? कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येणारं वाक्य एकच: “गन मारत नाय.” दुकानदार महागडी गन दाखवतो, मालक ती घेतो आणि थोड्या महिन्यांत तीही मारेनाशी होते. माझं ठाम मत आहे की दहापैकी आठ ठिकाणी दोष गनमध्ये नसतोच. तो तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या हवेत असतो.

अर्ध्या इंची गनला (सॉकेट बसतो ते टोक अर्ध्या इंचाचं) चालू असताना, तिच्या तोंडाशी, सुमारे ९० पीएसआय दाब लागतो. टाकीवरचा काटा १२० दाखवतो म्हणून मालक निश्चिंत असतो. पण नळी ८ मिलिमीटरची, वेटोळी आणि लांब असेल तर ट्रिगर दाबताच गनपाशी दाब ६०वर येतो. मग नट कसा सुटणार? गनच्या अलीकडे टी जोडून एक साधा गेज बसवावा आणि ट्रिगर दाबून काटा पाहावा. नवी गन घेण्याआधी ही तपासणी केली तर कित्येकांचे पैसे वाचतील. अर्ध्या इंची गनला आतून १० मिलिमीटरची नळी हवी आणि ट्रकच्या एक इंची गनला १९ मिलिमीटरची. कपलिंगचं भोकही तितकंच मोकळं असावं.

दुसरी गोष्ट हवेच्या मापाची. कंप्रेसरच्या पाटीवर मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा पिस्टनच्या विस्थापनाचा, प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेचा नव्हे. विचारायचं ते ‘फ्री एअर डिलिव्हरी’ किती, हे. पाच अश्वशक्तीच्या चांगल्या पिस्टन कंप्रेसरकडून मिनिटाला साधारण १५ ते १८ घनफूट हवा मिळते. त्यात आपलं जुन्नर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर, म्हणजे बाहेरची हवाच मुंबईपेक्षा सात-आठ टक्के विरळ. चाकांचे नट सोडवणारी गन काही सेकंद चालते आणि थांबते, तिला टाकीतला साठा पुरतो. डेंटिंग-पेंटिंगचं सँडर मात्र सलग हवा ओढतं. म्हणून रंगकाम करणाऱ्याने शेजारच्या मेकॅनिकचा कंप्रेसर बघून आपला घेऊ नये.

आणि गळती. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला वीस घनफुटांहून जास्त हवा जाते, म्हणजे पाच अश्वशक्तीचा कंप्रेसर जेवढी बनवतो त्याहून अधिक. रात्री सगळं बंद असताना गॅरेजमध्ये फुसफुस ऐकू येत असेल, तर वीजबिल तिथून वाहत आहे.

या सगळ्याहून वाईट शत्रू म्हणजे पाणी. आषाढात घोडेगाव, डिंभे, जुन्नरच्या बाजूची हवा दमट असते. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये वीसेक ग्रॅम वाफ असते. ती आठपट दाबून थंड केली की बहुतेक वाफ टाकीत पाणी होऊन बसते. पाच अश्वशक्तीचा कंप्रेसर पावसाळ्यात तासभर सलग चालला तर अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. हे पाणी नळीतून गनमध्ये जातं, तेल धुऊन काढतं, व्हेनच्या खाचांत गंज धरवतं, पट्ट्या अडकतात आणि गन ‘मारत नाय’. तेच पाणी टाकीला आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा पातळ झालेली टाकी फुटली तर गॅरेज उरत नाही. बेल्हे, आळे या पूर्वेच्या कोरड्या बाजूला दुखणं वेगळं. तिथे धूळ कंप्रेसरच्या तोंडाचा फिल्टर बुजवते आणि हवा कमी पडते.

यावर उपाय स्वस्त आहेत. टाकीखालचा कॉक रोज संध्याकाळी उघडणं, लाइनला थोडा उतार देणं, गनसाठीची नळी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढणं म्हणजे पाणी तिच्यात उतरत नाही, भिंतीवर फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा संच बसवणं. लुब्रिकेटर नसेल तर सकाळी काम सुरू करताना आणि संध्याकाळी गन ठेवताना हवेच्या तोंडातून एअर टूल ऑइलचे चार थेंब सोडावेत. इंजिन ऑइल घट्ट असतं, ते पट्ट्या चिकटवतं.

एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. हा ठिबक आणि पाइपलाइनचा मुलूख, त्यामुळे पीव्हीसी पाइप प्रत्येकाच्या गोठ्यामागे पडलेला असतो आणि हवेची लाइन त्याचीच टाकलेली मी पाहिली आहे. पाण्याच्या दाबाने पीव्हीसी चिरतो, पण दाबाच्या हवेने त्याचे धारदार तुकडे होऊन उडतात. उन्हाने कडक झालेल्या पाइपला पान्याचा एक धक्का पुरतो. लाइन जीआय किंवा हवेसाठीच बनवलेल्या पाइपचीच असावी.

आता गनकडे येऊ. खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा आकडा उलट दिशेने, थोड्या क्षणांपुरत्या मिळणाऱ्या जोराचा असतो. रोजच्या कामाचा आकडा त्याच्याहून बराच खाली असतो, तो माहितीपत्रकात शोधावा. जीप-पिकअपच्या कामाला ट्विन हॅमरची अर्ध्या इंची गन योग्य. ट्रकला पाऊण किंवा एक इंच. कंपोझिट बॉडीची गन हाताला हलकी आणि पावसाळी सकाळी कमी गार लागते. कंपनी कोणती, यापेक्षा व्हेन किट, हॅमर किट आणि ओ-रिंग कुठे मिळतील हे मी आधी विचारेन. इथे आपला भाग नशीबवान आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८पासून पुण्यातच आहे, अ‍ॅटलास कॉप्कोही पुण्यात, आणि शिकागो न्यूमॅटिक १९८७पासून त्याच समूहात. पुण्याच्या बोहरी आळीत मूळ आणि नकली दोन्ही मिळतं. बिल, अनुक्रमांक आणि सुट्या भागांचा तक्ता नसलेली गन स्वस्तातही घेऊ नये. गोट्या, म्हणजे सॉकेट, मात्र इम्पॅक्टच्याच, काळ्या. हाताच्या चकचकीत गोट्या गनच्या तडाख्याने तडकतात आणि तुकडा डोळ्याकडे येतो.

गन नट सोडवण्यात तरबेज, पण घट्ट करताना तिला मोजमाप कळत नाही. मोटारीच्या चाकाच्या नटला साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर पुरतात. गनने दणादण मारलं की स्टड ताणला जातो, आटे जातात आणि मध्यरात्री माळशेजच्या वळणावर पंक्चर झालेल्या चालकाला गाडीतल्या पान्याने स्टेपनी बदलता येत नाही. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच द्यावा. हेल्पर पोराच्या कानाला प्लग आणि डोळ्याला गॉगल द्यावा, कारण गनचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

बॅटरीच्या गन आता चांगल्या आल्या आहेत. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी जाणाऱ्या मिस्त्रीने ती जरूर घ्यावी. पण ज्या गॅरेजला टायरात हवा भरायची आहे, रेडिएटर फुंकायचा आहे, ग्रीस मारायचं आहे, त्याला कंप्रेसर लागणारच. तो असताना हवेची गन परवडते आणि वर्षानुवर्षं टिकते. म्हणून नव्या गॅरेजवाल्याला माझं सांगणं असं, की हाती असलेल्या पैशातला मोठा वाटा दोन टप्प्यांच्या कंप्रेसरवर, तपासलेल्या टाकीवर आणि जाड नळीवर घाला, उरलेल्यातून सुटे भाग मिळणारी मध्यम किमतीची गन घ्या. आणि ज्यांचं गॅरेज आधीच चालू आहे त्यांनी आज शटर ओढण्याआधी टाकीचा कॉक उघडून किती पाणी निघतं ते पाहावं.