रशियन साहित्य वाचताना : नावांचा अडसर आणि मराठीची किल्ली

रशियन साहित्य वाचण्याची इच्छा असलेले वाचक पुष्कळ भेटतात. पण त्यांतील अनेकांची मजल पहिल्या शंभर पानांपुढे जात नाही. कारण बहुधा एकच असते : नावे लक्षात राहत नाहीत. एकाच व्यक्तीला तीन-तीन नावांनी हाक मारली जाते, हा तोच की दुसरा कोणी हे कळेनासे होते आणि कथेचे सूत्र हातून निसटते. वास्तविक हा अडसर मराठी वाचकाला सर्वांत कमी जाणवायला हवा.

रशियन माणसाच्या पूर्ण नावाचे तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून साधलेले पितृनाम आणि आडनाव. आपल्या शाळेच्या दाखल्यावरही नाव असेच लिहिले जाते. फरक इतकाच, की रशियनमध्ये पितृनाम लिंगानुसार बदलते. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीचा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोलनिकोव्ह आहे, तर त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्हना. दोघांच्या वडिलांचे नाव रोमान, हे त्यावरूनच उमगते. नाव आणि पितृनाम जोडून हाक मारणे हे आदराचे लक्षण. घरात मात्र आईच्या तोंडी तो ‘रोद्या’ असतो आणि बहीण ‘दुन्या’. प्रभाकरचा ‘पभ्या’ आणि ‘प्रभाकरराव’ एकच, हे ज्याला कोणी शिकवावे लागत नाही, त्याला रोद्या आणि रोदिओन रोमानोविच यांचे नाते समजण्यास वेळ लागू नये. कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, यातच त्यांच्यातील जवळीक किंवा दुरावा सांगितलेला असतो.

तेच सर्वनामांचे. रशियनमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. पुश्किनने १८२८ मध्ये याच दोन शब्दांवर एक छोटी कविता लिहिली. प्रेयसीच्या तोंडून चुकून ‘तू’ निघून जाते आणि प्रियकर मोहरून उठतो, एवढाच तिचा विषय. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’मध्ये दुखावलेला पती पत्नीला पत्र लिहितो, ते फ्रेंचमध्ये, कारण फ्रेंचमधील ‘तुम्ही’ रशियन ‘तुम्ही’इतके थंड वाटत नाही, असे स्वतः टॉलस्टॉय नमूद करतो. इंग्रजी अनुवादात या दोन्ही शब्दांसाठी एकच सर्वनाम उरते. ‘तू’चे अचानक ‘तुम्ही’ झाले की काय तुटते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच मराठी अनुवाद उपलब्ध असेल, तर आधी तो पाहावा. त्याच्या आरंभीच्या पानांवर तो मूळ रशियनवरून केला आहे की इंग्रजीवरून, हेही तपासावे. इंग्रजीवरून केला असल्यास तू-तुम्हीची निवड बऱ्याच अंशी अनुवादकाच्या अंदाजावर सोपवलेली असते.

इंग्रजीतूनच वाचायचे ठरले, तर अनुवादकाचे नाव पाहण्याची सवय लावावी. कॉन्स्टन्स गार्नेट यांनी सुमारे सत्तर खंड इंग्रजीत आणले. पिढ्यान्‌पिढ्यांना रशियन साहित्य भेटले ते त्यांच्यामुळे. मात्र त्यांच्या अनुवादात टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्हस्की एकाच आवाजात बोलतात, असा आक्षेप कवी जोसेफ ब्रॉडस्की यांनी घेतला होता. तेव्हा दोन अनुवादांचे पहिले पान शेजारी ठेवून वाचावे आणि जो आवाज कानाला जिवंत वाटेल, तो निवडावा.

आरंभ कोठून करावा? ‘युद्ध आणि शांती’पासून मुळीच नव्हे. प्रथम गोगोलची ‘ओव्हरकोट’ (१८४२) ही कथा घ्यावी. नकला उतरवणारा गरीब कारकून अकाकी अकाकियेविच पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो आणि तो कोट लुटला जातो. बापाचेच नाव मुलाला ठेवल्याने झालेले हे नाव पितृनामाचा धडाही देऊन जाते. मग स्वतः डॉक्टर असलेल्या चेकॉव्हची ‘वॉर्ड क्रमांक सहा’ (१८९२). त्यानंतर टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) : घरचे सगळे आजार बरा होईल असे सोंग वठवत असताना गेरासिम हा खेडवळ नोकर तेवढा मरणाऱ्या मालकाशी खरेपणाने वागतो. ही तिन्ही पुस्तके आकाराने लहान, पण रशियन साहित्याचा गाभा त्यांत आहे. पुढची पायरी तुर्गेनेव्हच्या ‘पिता आणि पुत्र’ची (१८६२), तिच्यानंतर ‘गुन्हा आणि शिक्षा’ची. ‘ॲना कॅरेनिना’ त्यानंतर घ्यावी.

मोठी कादंबरी हाती घेताना एक साधा उपाय करावा. पुस्तकात कोरा कागद ठेवून त्यावर प्रत्येक पात्राचे नाव, पितृनाम आणि घरगुती हाक एका ओळीत लिहीत जावे. शंभरएक पानांनंतर त्या कागदाकडे फारसे पाहावेही लागणार नाही. तोवर ती माणसे परकी राहिलेली नसतील.